आकड्याला जोडीदार हवा

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कुणाही कारखानदाराला भेटा, चहाच्या आधी आकडा येतो. "मॅडम, औंदा १५ कोटींला टेकलो बघा." गेल्या साली १२ होते, म्हणजे २५ टक्के वाढ. अभिनंदन करायला हवं, ते मी करते. मग विचारते, "पार्टीकडनं पैसे किती दिवसांनी येतात हल्ली?" त्यावर बहुतेक वेळा हसत उत्तर मिळतं, "येतील की, कुठं जातात!"

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, एखादा दूध संघ, एखादा साखर कारखाना यांच्या खर्चाचे हिशेब तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आपला छोटा उद्योजक काही मोजतच नाही, सगळं अंदाजपंचे चालवतो, असं मोठ्या शहरांतले सल्लागार म्हणतात. मला ते पटत नाही. तो मोजतो, मन लावून मोजतो, फक्त एकच आकडा धरून बसतो. आणि एकटा आकडा वाढवायला नेहमीच एखादी चोरवाट सापडते. म्हणून माझा आग्रह आहे की धंद्याचं कुठलंही उद्दिष्ट ठरवताना दोन आकडे एकत्र लिहावेत. एक उद्दिष्टाचा, आणि दुसरा असा की पहिल्याला कुणी फसवून वाढवलं तर याने लगेच चुगली करावी.

आधी त्या १५ कोटींचंच बघू. आकडे उदाहरणादाखल घेते, पण या घडणीचे ताळेबंद मी पुष्कळ पाहिले आहेत. १२ कोटींची उलाढाल म्हणजे महिन्याला १ कोटी. पैसे ६० दिवसांनी येत असतील तर बाजारात २ कोटी अडकलेले. आता उलाढाल १५ कोटी झाली, महिन्याला सव्वा कोटी. पण ही वाढ मिळवताना नव्या गिऱ्हाइकाला ९० दिवसांची उधारी दिली, आणि ते कानावर जाताच जुन्यांनीही हात आखडला. आता अडकलेली रक्कम झाली पावणेचार कोटी. पावणेदोन कोटी जादा लागले, ते कॅश क्रेडिटमधून उचलले. ११ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज १९ लाख २५ हजार. वाढलेल्या ३ कोटींवर व्याज धरण्याआधी ५ टक्के सुटले असतील तर नफा झाला १५ लाख. म्हणजे २५ टक्के वाढ करून मालकाने सव्वाचार लाख घालवले, वर पेढेही वाटले.

त्यात मार्चची घाई असते. एप्रिलमध्ये जायचा माल ३० तारखेला बिल करून गाडीत भरायचा, म्हणजे टर्नओव्हर गोल आकड्याला टेकतो. गिऱ्हाइकाने तो माल मागितलेला नसतो, त्याच्या स्टोअरला जागा नसते. त्यातला काही एप्रिलमध्ये परत येतो, क्रेडिट नोट निघते. पण बिल मार्चचं असल्यामुळे त्यावरचा १८ टक्के जीएसटी, खरेदीवरचं क्रेडिट वजा करून, २० एप्रिलच्या आत भरावा लागतो. गिऱ्हाइकाचा चेक जूनच्या अखेरीस येणार असतो. सरकारला आगाऊ कर, बँकेला जादा व्याज आणि हातात काय, तर एक गोल आकडा.

याबद्दल मालकालाच हसण्यात अर्थ नाही. त्याला हा आकडा शिकवला तो बँकेने. नायक समितीच्या पद्धतीनुसार छोट्या उद्योगाची खेळत्या भांडवलाची मर्यादा अंदाजित उलाढालीच्या २० टक्के धरली जाते. पाच कोटींपर्यंतच्या मर्यादांना हेच सूत्र लावतात. पद्धत सोपी आहे आणि तिच्यामुळे असंख्य लहान कारखान्यांना वेळेवर कर्ज मिळालं, हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याचा अर्थ कारखानदाराच्या मनात असा उतरला की उलाढाल वाढली तर लिमिट वाढणार. सूक्ष्म, लघु, मध्यम या सरकारी व्याख्याही गुंतवणूक आणि उलाढालीवर ठरतात. १ एप्रिल २०२५ पासून त्या उलाढालीच्या हद्दी अनुक्रमे १०, १०० आणि ५०० कोटी झाल्या. चेंबरच्या कार्यक्रमात सत्कार होतो तोही उलाढालीचाच. वसुलीचे दिवस ९० वरून ५५ वर आणले म्हणून कुणाच्या गळ्यात हार पडलेला मी तरी पाहिला नाही.

फाउंड्रीच्या आत गेलं की उलाढालीची जागा टन घेतो. कास्टिंग किलोवर विकलं जातं, त्यामुळे महिन्याचं टार्गेटही टनात. समजा २०० टन आहे. पंचवीस तारीख उलटली आणि ५० टन बाकी असले की शॉपवर काय घडतं ते मोल्डिंगवाल्या कुणालाही विचारा. जड, सोपे जॉब पुढे येतात. चाळीस किलोचा फ्लायव्हील एका बॉक्समध्ये निघतो. दोन किलोच्या, आत कोअर असलेल्या किचकट ब्रॅकेटचे मात्र तेवढं वजन भरायला वीस नग ओतावे लागतात, आणि प्रत्येक कोअर सांभाळून बसवावा लागतो. मग ब्रॅकेट मागे पडतो. महिनाअखेर २०० टन पुरे होतात. चार तारखेला चाकणहून गिऱ्हाइकाचा फोन येतो, तुमच्या ब्रॅकेटपायी आमची लाइन थांबलीय. त्यानंतर जी डेबिट नोट येते ती टनांच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. टनाच्या शेजारी 'कबूल केलेल्या तारखेला गेलेले जॉब' हा आकडा असता तर सत्तावीस तारखेलाच तो खाली गेलेला दिसला असता.

रिजेक्शनची गोष्ट याहून रंगतदार आहे. ब्लो होल, वाळूचे कण, कोल्ड शट, हे दोष कुठल्याही फाउंड्रीत असतात. मालक दर सोमवारी रिजेक्शनवरून सुपरवायझरला झापतो. काही महिन्यांत टक्का सातावरून चारावर येतो. मालक खूश, सुपरवायझरला बक्षीस. पण लोखंड पुन्हा वितळतं. इचलकरंजीच्या मागावर डाग पडलेला तागा कोपऱ्यात पडून राहतो, सगळ्यांच्या नजरेला टोचतो. खराब कास्टिंग मात्र रात्रपाळीत भट्टीत टाकलं की पुरावाच शिल्लक नाही. नोंद नाही म्हणजे रिजेक्शन नाही. जे नग अगदी टाकाऊ नाहीत, नुसते संशयास्पद आहेत, ते तपासणीच्या टेबलावरून 'चालतंय की' म्हणत पुढे सरकतात. त्यांच्या पोटातला ब्लो होल गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये टूल लागल्यावर उघडा पडतो. तोवर त्या नगावर फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, रंग आणि गाडीभाडं असा सगळा खर्च झालेला असतो.

मात्र भट्टीला वीज लागते. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट जातात, भट्टीप्रमाणे थोडं कमी-जास्त. तेच लोखंड दोनदा वितळवलं तर वीजही दोनदा जाते. म्हणून मी फाउंड्रीत गेले की रिजेक्शनचं रजिस्टर आधी मागत नाही. महावितरणचं बिल मागते आणि डिस्पॅचचं वजन मागते. बाहेर गेलेल्या चांगल्या मालाच्या प्रत्येक टनामागे किती युनिट पडले? कागदावर रिजेक्शन उतरलं आणि टनामागचे युनिट जागचे हलले नाहीत किंवा उलट चढले, तर रात्री कुठेतरी लोखंड दुसऱ्यांदा वितळतंय अशी शंका घ्यायला जागा आहे. जॉब बदलले, रनर-रायझरचं वजन बदललं, महिनाअखेरचा साठा वाढला, तरीही हा आकडा हलतो. त्यामुळे तो परस्पर कुणाला दोषी ठरवत नाही. फक्त शॉपवर जाऊन विचारायला लावतो, आणि मला त्याच्याकडून तेवढंच हवं असतं.

ही जोडीची युक्ती मी कॉलेजात शिकले नाही. माझे वडील पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. लॅक्टोमीटर दुधाची घनता दाखवतो. गावात त्याला डिग्री म्हणतात. पाणी घातलं की डिग्री उतरते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. पण नुसत्या डिग्रीवर दूध घेतलं तर हुशार माणूस आधी साय काढून घेतो. साय हलकी, ती गेली की दूध जड होतं, डिग्री चढते. मग चढली तेवढी उतरेल इतकं पाणी घालायचं. लॅक्टोमीटर पुन्हा पहिल्याच खुणेवर! साय घरात, पाणी डेअरीत, आणि माप मात्र चोख.

म्हणून डिग्रीबरोबर फॅट काढायचं. बुटीरोमीटरच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग नळ्या मशीनमध्ये घालून गरगर फिरवायच्या. वडिलांच्या बहुतेक सदऱ्यांना ॲसिडची भोकं असायची आणि त्यावरून आईचं रोजचं बोलणं असायचं. साय काढली की फॅट पडतं, पाणी घातलं की दोन्ही पडतं. दोन्ही मापं एकदम फसवायची तर मग साखर घाला, युरिया घाला, असले उद्योग करावे लागतात, आणि त्यांच्यासाठी निराळ्या चाचण्या आल्याच. चोरी पूर्ण थांबली असं नाही, पण अवघड झाली, महाग झाली. आजही दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) या जोडीवर ठरतो. म्हशीचं ६ आणि ९, गाईचं साडेतीन आणि साडेआठ, हे आकडे आमच्या जिल्ह्यात ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला झोपेतही सांगता येतात.

पुढे इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' हे १९८३ सालचं पुस्तक वाचनात आलं, तेव्हा मला वडिलांची ती नळी आठवली. ग्रोव्ह यांचं म्हणणं असं की कामाच्या परिणामाबरोबर त्याच्या उलट बाजूचा परिणामही मोजावा. गोदामातला साठा कमी करायचा असेल तर साठ्याच्या आकड्याशेजारी माल नसल्यामुळे किती वेळा अडलं तेही लिहावं, नाहीतर साठा एवढा उतरेल की उत्पादनच थांबेल. याच ग्रोव्ह यांच्या हाताखाली वाढलेली उद्दिष्टांची पद्धत जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये गूगलमध्ये नेली, आणि आता हिंजवडी-बाणेरच्या कंपन्यांत 'ओकेआर' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी असतो. तिमाहीची उद्दिष्टं, त्यांचे टक्के, रंगीत तक्ते, सगळं आलं. जोडीच्या आकड्याची गोष्ट मात्र क्वचितच ऐकू येते. कारण उघड आहे. पहिला आकडा साहेबाला खूश करतो, दुसरा त्याच्या खुशीत विरजण घालतो.

साखरेचं बघा. हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या जाहिराती येतात: विक्रमी गाळप, अमुक लाख टन. गाळप महत्त्वाचं आहेच. पण ऊस घालणाऱ्याच्या दृष्टीने कारखान्याची प्रगती म्हणजे पैसे हातात पडायला लागलेले दिवस. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचं. २०२४-२५ च्या हंगामात एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. २०२५-२६ साठी ती ३५५ झाली. गाळपाच्या पाटीशेजारी 'सरासरी किती दिवसांत पैसे दिले' एवढी एक पाटी कारखान्याच्या गेटवर लावायला खर्च शून्य आहे. तारखा कारखान्याच्या शेतकी विभागात आणि बँकेत आहेत. पाटी लागत नाही, कारण ती लावल्यावर शेजारच्या कारखान्याची पाटीही लोक वाचतील.

साखर उताऱ्याचा आकडाही आता एकटा वाचता येत नाही. बी-हेवी मळीपासून किंवा थेट रसापासून इथेनॉल केलं की जी साखर पोत्यात आली असती ती टाकीत जाते. पोत्यांवरून काढलेला उतारा घसरलेला दिसतो, तरी ऊस तितकाच गोड असतो. त्यामुळे इथेनॉलकडे किती साखर वळवली हे शेजारी लिहिल्याशिवाय दोन हंगामांची किंवा दोन कारखान्यांची तुलना करणं म्हणजे शेतकऱ्याची दिशाभूल आहे.

एकट्या आकड्याला बक्षीस आणि शिक्षा बांधली की काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वेल्स फार्गो या बँकेने ठरवलं की प्रत्येक ग्राहकाने आपल्या आठ सेवा घ्याव्यात: बचत खातं, कार्ड, कर्ज, विमा, काहीही, पण आठ. शाखांना रोजचे कोटे दिले, विचारणा रोजची. सप्टेंबर २०१६ मध्ये उघड झालं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली होती. १८.५ कोटी डॉलर दंड झाला. सुमारे ५,३०० जणांना आधीच कामावरून काढलं होतं. २०२० मध्ये बँकेने आणखी ३०० कोटी डॉलर भरून सरकारी चौकश्या मिटवल्या. एवढी वर्षं बँक गुंतवणूकदारांना 'ग्राहकामागे सेवा' हा आकडा अभिमानाने दाखवत होती. 'उघडलेल्या खात्यांपैकी तीन महिन्यांनी वापरात किती' हा दुसरा आकडा शेजारी ठेवून तो वरपर्यंत गांभीर्याने वाचला असता, तर काउंटरवर चाललेला प्रकार लपायला फार कमी जागा उरली असती.

त्याच सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्याकडेही एक बातमी गाजली. जनधन खात्यांपैकी शून्य शिल्लक असलेली किती, यावर वरून लक्ष ठेवलं जात होतं. तो टक्का कमी दिसावा म्हणून काही शाखांतल्या कर्मचाऱ्यांनी खात्यांत एकेक रुपया भरल्याचं 'इंडियन एक्स्प्रेस'ने शोधून काढलं. खातं शून्यातून बाहेर आलं, खातेदाराला पत्ताही नाही. मला त्या कर्मचाऱ्यांचा राग येत नाही. त्यांच्यावर वाईट आकड्याचा जाब होता, आणि आकडा बरा करायला लागत होता फक्त एक रुपया.

मग छोट्या कारखान्याने नेमकं काय करावं? माझ्या मते तीन जोड्या पुरे, सहा आकडे. उलाढालीशेजारी वसुलीचे दिवस. टनांशेजारी तारखेला गेलेले जॉब. आतल्या रिजेक्शनशेजारी गिऱ्हाइकाकडून परत आलेले नग, किंवा फाउंड्री असेल तर त्यांच्या जागी टनामागचे युनिट. पुढे एखादी जोडी बदला, पण सातवा आकडा हवासा वाटला की आधीच्यातला एक काढा. संगणकावर चाळीस आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर मी पाहिली आहेत. कुणी हिरवे-लाल दिवे बघून जातं, कुणी ते बघणंही सोडून देतं.

व्याख्या मात्र एकदा बसून पक्क्या करायच्या, कारण भांडणं तिथेच होतात. माल 'गेला' म्हणजे बिल झालं तेव्हा की गाडी गेटबाहेर पडली तेव्हा? माझं मत गेटपासचं. 'वेळेवर' म्हणजे गिऱ्हाइकाने ऑर्डरवर लिहिलेल्या तारखेला, की आपण नंतर फोन करून मागून घेतलेल्या तारखेला? ऑर्डरवरची धरा, नाहीतर सगळे जॉब नेहमीच वेळेवर जातील. वसुलीचे दिवस बिलापासून मोजायचे, गिऱ्हाइकाच्या अकाउंट विभागाने बिल 'पास' केल्यापासून नाही. कायदाही तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यायला हवेत असं २००६ चा कायदा सांगतो. आयकर कायद्यातल्या २०२४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तर मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षातच वजा मिळतो. मोठ्या गिऱ्हाइकाशी भांडायला छोटा कारखानदार घाबरतो, त्याचं कारणही मी समजू शकते. पण आपलं बिल आज कितव्या दिवसावर आहे हेच माहीत नसेल तर नम्रपणे आठवण तरी कशाच्या आधारावर करणार?

हे आकडे ऑफिसात ठेवू नयेत. शॉपवर, जिथे पाळी बदलते तिथे फळा लावावा, आणि ज्याचं काम त्याने खडूने लिहावं. रिजेक्शन मोल्डिंगच्या माणसाने लिहावं, युनिट भट्टीवाल्याने, वसुलीचे दिवस अकाउंटच्या मुलीने. लिहिणाऱ्याला आकडा कळतो, कारण तो का वाढला हे त्याने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. वाळू ओली होती, कोअर वेळेवर भाजले नव्हते, स्क्रॅपचा ट्रक बदलला होता. महिन्याच्या दहा तारखेला संगणकातून निघालेल्या तक्त्यात यातलं काही उरत नाही. आणि सोमवारी सकाळी फळ्यासमोर उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं ते एवढ्यावरच, की या आठवड्यात आपण कोणती एक गोष्ट वेगळी करणार.

"मॅडम, आमचं सगळं डोक्यात असतंय," असं म्हणणारे मालक भेटतात. खरंच असतं. दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये मालकाचे डोळे कुठल्याही फळ्यापेक्षा तरबेज असतात. पण दुसरी पाळी सुरू झाली, मुलगा नव्या युनिटवर बसला, मालक महिन्यातले आठ दिवस गिऱ्हाइकांकडे फिरू लागला की डोक्यातलं माप दुसऱ्याच्या डोक्यात उतरत नाही. "टार्गेट नसलं तर माणसं ढिली पडतात," हा दुसरा आक्षेप. टार्गेट जरूर ठेवा. बक्षीस द्यायचं तर ते जोडीवर द्या आणि साऱ्या पाळीला द्या: टन पुरे झाले आणि तारखाही पाळल्या, तरच. एकट्या टनावर एकट्या माणसाला पैसे दिले तर तो माणूस टनच आणून देईल, त्याला दोष देता येणार नाही.

बँकांनीही आता २० टक्क्यांच्या गणितापलीकडे पाहावं. त्यांच्याकडे दरमहा स्टॉक स्टेटमेंट येतं, त्यात कोणाकडून किती येणं आणि किती जुनं ते सगळं असतं. ९० दिवसांपुढचं येणं बहुधा ड्रॉइंग पॉवरमधून वगळतात, म्हणून अकाउंटंट मंडळी ते स्टेटमेंट बँकेला चालेल असं 'बसवून' देतात. म्हणजे उद्योजकाच्या सगळ्यात कामाचा कागद दर महिन्याला तयार होतो तो फक्त दुसऱ्याला दाखवण्यासाठी, आणि मालक त्यावर न वाचता सही करतो. लिमिट वाढवून देताना शाखा व्यवस्थापकाने 'उलाढाल किती वाढली' याच्याबरोबर 'वसुलीचे दिवस किती उतरले' हे विचारायला सुरुवात केली आणि दिवस उतरवणाऱ्याला व्याजात पाव टक्का जरी सोडला, तरी एका वर्षात आमच्या एमआयडीसीतल्या गप्पांचा विषय बदलेल. चेंबरच्या सत्कारासाठीही हाच निकष लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटची सूचना मालकांसाठी. फळा लावल्यावर पहिल्या महिन्यात आकडे बिघडतील. रिजेक्शन चारावरून आठावर जाईल, वेळेवर गेलेले जॉब निम्म्यावर येतील. धंदा बिघडलेला नसेल, इतके दिवस भट्टीत वितळत होतं ते कागदावर येऊ लागलं असेल. त्या महिन्यात सगळी पाळी फळ्याकडे कमी आणि तुमच्या चेहऱ्याकडे जास्त बघत असते. आठ टक्के लिहिणाऱ्या पोराला 'बरं केलंस लिहिलंस' म्हणता आलं तर पुढच्या महिन्यात तोच येऊन कारण सांगेल. म्हणता येणार नसेल, आवाज चढणारच असेल, तर पहिल्याच सोमवारी फळा काढून ठेवा. खडूचे पैसे तरी वाचतील.